विज्ञान दिनाला मोठ्या माणसांनी गेटबाहेर का थांबायचं?

दरवर्षी २८ फेब्रुवारी झाला की पुण्यातल्या माझ्या फेसबुकवर दोन प्रकारच्या पोस्टी येतात, एक "आमच्या चिरंजीवांनी बनवलेला ज्वालामुखी" आणि दुसरी "विद्यापीठ चौकात तासभर अडकलो, काय चाललंय या शहराचं". दोन्ही मी लाइक करते. यावेळी माझी तिसरीच तक्रार आहे, आणि ती जरा लांब आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी कौतुक, कारण ते खरंच आहे. आपल्याकडे गणेशखिंड रस्ता आणि पाषाण रस्ता एवढ्या दोन रस्त्यांवर जेवढ्या संशोधन संस्था आहेत तेवढ्या कित्येक अख्ख्या राज्यांत नसतील. विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राची आयुका आणि रेडिओ दुर्बिणींवाली एनसीआरए, पुढे पाषाणला रसायनशास्त्राची एनसीएल (ही १९५० पासून आहे), विज्ञान शिकवणारी आणि संशोधन करणारी आयसर, मान्सूनवाली आयआयटीएम. वर्षभर आपण या सगळ्यांच्या कंपाउंडच्या भिंती बघत बसने जातो. एनसीएलच्या स्टॉपला रोज उतरणारी अशी कितीतरी माणसं आहेत ज्यांना "आत केमिकलचं काहीतरी असतं" याच्यापलीकडे काही माहिती नाही, आणि यात त्यांची काही चूक नाही, आत जायला कारण लागतं, आयकार्ड लागतं, गेटवर कोणाला भेटायचंय ते सांगावं लागतं. विज्ञान दिनाला मात्र यातल्या बऱ्याच ठिकाणी दारं उघडतात. पोस्टर, प्रयोग, व्याख्यानं, लॅबच्या फेऱ्या, रात्री आकाशदर्शन. कुठल्याही गणपतीला नसेल एवढा उत्साह असतो त्या पीएचडीच्या पोरांना, घसा बसेपर्यंत तेच तेच समजावून सांगतात बिचारी.

आता तक्रार. हा सगळा दिवस फक्त शाळेच्या मुलांसाठी असतो असं गृहीत धरलेलं असतं. मोठा माणूस तिथे असतो तो पाण्याची बाटली आणि दप्तर धरायला. शहरातल्या एका संस्थेत (नाव घेत नाही, पोरं मेहनत करतात तिथली) यावेळी चक्क पाटी होती, "पालकांनी येथे थांबावे". आणि पालक थांबले होते हो! झाडाखाली, मोबाइल बघत. मी गार्डला विचारलं, मी एकटी आले असते तर? तो म्हणाला, "मॅडम, मग विद्यार्थी कुठेय?" म्हणजे मुलाशिवाय मला आत प्रवेश नाही, मूल हेच माझं तिकीट.

ही पाटी लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसणार हे मला कळतं. गर्दी असते, लॅब लहान असतात, शाळांच्या बस एकामागून एक येतात, कुणाला तरी बाहेर ठेवावं लागतंच. पण दरवेळी तेच का बाहेर? आणि आणलेली पोरं काय करतात ते पण एकदा बघा. शाळेने वर्कशीट दिलेली असते, ती भरायची असते. "नक्षत्रांची नावे लिहा." मग ती पोस्टरवरून उतरवून घ्यायची, पुढच्या स्टॉलला पळायचं, तिकडे मित्र गेलेत म्हणून. यात गैर काही नाही, वयच ते आहे, माझा लेक सातवीत आहे आणि त्याला या वर्षी सगळ्यात आवडलं ते कॅन्टीन. हजार पोरांतल्या दहा पोरांच्या डोक्यात काहीतरी घुसतं आणि त्या दहांसाठी हे सगळं करायलाच हवं, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं झाडाखाली बसलेल्यांबद्दल आहे.

कारण प्रश्न त्यांच्याकडे असतात. आयुकात रात्री टेलिस्कोपच्या रांगेत आमच्या पुढे एक मावशी होत्या, नातवाला घेऊन आलेल्या, बोलण्यावरून साताऱ्याकडच्या वाटल्या. व्हॉलंटियर मुलगी वर बोट दाखवून सांगत होती, हे मृग नक्षत्र, हे तीन तारे म्हणजे बाण, हा खाली चमकतो तो व्याध. मावशी म्हणाल्या, "मृग जूनात लागतो. सात तारखेला. आम्ही पेरणी धरतो त्याच्यावर. आत्ता कसा दिसंल?" मागे दोन-तीन जण हसले. ती मुलगी नाही हसली, तिला मी मनातल्या मनात शंभर मार्क देऊन टाकले. ती म्हणाली, मावशी, जूनमध्ये सूर्य मृगात जातो म्हणून आपण मृग लागला म्हणतो, तेव्हा तो सूर्याबरोबर दिवसा वर असतो म्हणून दिसत नाही, आत्ता सूर्य आभाळात दुसऱ्या बाजूला आहे म्हणून संध्याकाळी मृग असा डोक्यावर येतो. मावशी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "म्हंजी जे नक्षत्र लागलंय तेच दिसत नाय!" आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग पाऊस नक्षत्रानं येतो का सूर्यानं?"

अहो, या प्रश्नावर अख्खं व्याख्यान होईल! ती मुलगी रंगात आली, सांगायला लागली की पाऊस सूर्याने, जमीन तापते, समुद्रावरून वारं येतं, नक्षत्र म्हणजे त्या वेळची तारीख लक्षात ठेवायची सोय, आणि ती तारीख पण हळूहळू सरकते, साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस. मावशी म्हणाल्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंचा मृग वेगळा. रांग खोळंबली, मागून आवाज यायला लागले, "चला पुढे, मुलांना बघू द्या". आणि मावशी गप्प होऊन पुढे सरकल्या. मला एवढा राग आला ना. त्या रांगेतला सगळ्यात चांगला प्रश्न ज्या बाईने विचारला तिलाच आपण सांगितलं की हे मुलांसाठी आहे.

याच्या अगदी उलट दृश्य बघायचं असेल तर पुण्याबाहेर जायचं, नारायणगावजवळ खोडदला. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडणारी, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिशा, चौदा मध्ये जवळजवळ आणि सोळा तीन बाजूंना पसरलेल्या, एकूण पसारा पंचवीस किलोमीटरचा. माझं आजोळ त्या बाजूचं आहे. विज्ञान दिनाला तिथे जुन्नर, आंबेगावच्या शाळा तर येतातच, पण गावंच्या गावं येतात, जीप भरून, डबे बांधून, म्हातारी माणसं, सुना, कडेवर पोरं, जत्राच म्हणा. तिथे कोणी कोणाला बाहेर थांबवत नाही, थांबवून थांबणार पण नाहीत म्हणा.

माझ्या मामाची द्राक्षबाग आहे. मागे एकदा तो त्या डिशखाली उभा राहून म्हणाला, "एवढ्या मोठ्याला पत्रा नाय बसवला, जाळीच लावली, सिग्नल गळत नाय का?" तिथल्या माणसाने सांगितलं की या दुर्बिणीला ज्या रेडिओ लहरी पकडायच्या त्यांची लांबी वीस सेंटिमीटरपासून पार दोन मीटरपर्यंत, आणि जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, त्यामुळे लहरीला ती भोकं कळतच नाहीत, तिच्या दृष्टीने तो सलग पत्राच. वारं मात्र आरपार जातं, म्हणून डिश हलकी करता आली आणि खर्च वाचला. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या टीमने हे डिझाइन केलं, स्टीलच्या दोऱ्या ताणून त्यावर बारीक तारेची जाळी. मामाने मान हलवली आणि त्या ताणलेल्या तारांकडे बघत बसला, कारण तार कशी ताणायची, किती ताणली की खांब वाकतो, हे द्राक्षाचा मांडव उभा करणाऱ्याला कोणी शिकवायची गरज नसते. मग त्याने ताण कसा मोजता, पावसाळ्यात सैल होते का, पक्षी बसतात का असं सगळं विचारून घेतलं, आणि तो तिथला माणूस पण खुशीत उत्तरं देत होता. शाळेच्या पुस्तकातला जीएमआरटीचा परिच्छेद पाठ करून आलेल्या माझ्या मामेभावाने एकही प्रश्न विचारला नाही.

याच मामाच्या गावात एकेकाळी लोक म्हणायचे की या डिशा ढग पळवतात, म्हणून पाऊस कमी झाला. हसू नका, पुण्यात सोसायटीच्या ग्रुपवर मोबाइल टॉवरबद्दल काय काय फिरतं ते आठवा. तर हा ढगांचा संशय शाळकरी पोरांच्या मनात नव्हता, मोठ्यांच्या मनात होता, आणि तो जायचा तर मोठ्यांनीच जाऊन विचारायला पाहिजे ना? दुर्बीण काही पाठवत नाही, फक्त ऐकते, ती एवढं बारीक ऐकते की त्या आवारात तुम्हाला मोबाइल बंद करायला सांगतात. हे एकदा तिथे उभं राहून कळलं की मग कितीही व्हॉट्सॲप येऊ देत.

कोणी म्हणेल मोठी माणसं येऊन कुंडलीचेच प्रश्न विचारतात, मंगळ आहे तर लग्न कधी होईल वगैरे. विचारू देत की! त्याचं पण उत्तर आहे आणि ते याच शहरात शोधलं गेलंय. आयुका उभी करणारे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, त्यांनी २००८ च्या सुमारास अंनिस (अंधश्रद्धा निर्मूलन समिती) आणि विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातल्या लोकांना बरोबर घेऊन सरळ प्रयोगच केला होता. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर बौद्धिक दिव्यांग मुलांच्या कुंडल्या जमवल्या, त्यातल्या चाळीस-चाळीस प्रत्येक ज्योतिष्याला दिल्या, ओळखा कोणती कुठली. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी शेहेचाळीस टक्के बरोबर आली, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी थोडं बरं झालं असतं. हे सातवीतल्या पोराला ऐकवून काय उपयोग, त्याच्या लग्नाला अजून वीस वर्षं आहेत, हे झाडाखाली बसलेल्या त्याच्या आईबापांना ऐकवा.

नारळीकर सर २०२५ मध्ये गेले. त्यांचा एक किस्सा पुण्यात सगळ्यांना माहितीये, मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे सही नाही देणार, पोस्टकार्डवर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट येईल. आणि यायचं. दुसऱ्या शनिवारी शाळेच्या मुलांसाठी व्याख्यानं पण त्यांच्याच काळात आयुकात सुरू झाली, खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची काडेपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी पण तिथेच कित्येक वर्षं चालली. मुलांसाठी या शहरात भरपूर झालंय आणि झकास झालंय. मला फक्त पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचं पोस्टकार्ड कोण घेणार ते विचारायचंय.

आणि ज्याच्या शोधाचा हा दिवस, तो माणूस कोण होता? सी. व्ही. रामन १९०७ मध्ये कलकत्त्याला गेले ते असिस्टंट अकाउंटंट जनरल म्हणून, सरकारी हिशेब खात्यात. मी पण अकाउंट्सवाली, त्यामुळे मला हे फार आवडतं. ट्राममधून जाताना त्यांना बोबाजार स्ट्रीटवर एका विज्ञान संस्थेची पाटी दिसली, उतरले, दार वाजवलं, आतल्या माणसाने दार उघडलं. मग कित्येक वर्षं ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर तिथल्या प्रयोगशाळेत जाऊन काम केलं, १९१७ मध्ये नोकरी सोडून प्रोफेसर झाले, आणि २८ फेब्रुवारी १९२८ चा तो शोध (रामन परिणाम, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो तो) त्याच संस्थेतला, नोबेल १९३० चं. हां, ते फिजिक्सचे एमए होते, माझ्यासारखे बीकॉम नव्हते, ते मान्य. पण ती संस्था १८७६ मध्ये लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली होती आणि तिथे सामान्य लोकांसाठी व्याख्यानं व्हायची. विचार करा, त्या दाराशी एखादा गार्ड उभा असता आणि म्हणाला असता, साहेब, विद्यार्थी कुठेय?

फार काही मागत नाहीये मी. संध्याकाळी सात ते नऊ, ऑफिस सुटल्यावर, मोठ्यांसाठी दोन तास ठेवा. मराठीत बोला, बोलता बोलता इंग्रजी शब्द आले तर येऊ देत, आम्हाला चालतं. खुर्च्या ठेवा, गुडघे दुखतात. सर्टिफिकेट नको, सेल्फी पॉइंट तर मुळीच नको. आणि संस्थेत जे रोज असतात, हाउसकीपिंगच्या ताया, माळी, गार्ड, ड्रायव्हर, त्यांना घरच्यांसकट आधी बोलवा. आयुकात लोलक आहे ना, तो पृथ्वी फिरते हे दाखवणारा, त्याबद्दल मला सगळ्यात सोप्या शब्दांत कोणी सांगितलं असेल तर तिथे ड्युटीवर असलेल्या काकांनी. "सकाळी असा झुलतो, दुपारी बघा दिशा बदललेली असते, आता तो बदलत नाही, खालची फरशी फिरते." पुण्यात त्याला पूर्ण फेरी घ्यायला तीन दिवसांपेक्षा जास्त लागतात, काका म्हणाले, मी मोजलंय शिफ्टच्या हिशेबाने.

हौशी लोक तर हे कधीपासून करतायत. टिळक स्मारकातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, तिथे बँकवाले, शिक्षक, रिटायर्ड माणसं असे सगळे आकाशाचं वेड असलेले भेटतात, वय कोणी विचारत नाही.

असो. पुढचा नंबर २३ मार्चचा, जागतिक हवामान दिन, त्या दिवशी शिवाजीनगरचं सिमला ऑफिस लोकांसाठी उघडतं. (हवामान खातं १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं म्हणून सिमला ऑफिस, रिक्षावाल्यांना पण हेच नाव कळतं.) मी सासऱ्यांना घेऊन जाणार आहे, लेकाला नाही, त्याची परीक्षा आहे. सासरे गेली कित्येक वर्षं गच्चीत मोजपात्र ठेवून औंधातला पाऊस वहीत लिहितात आणि रोज सकाळी पेपरमधल्या आकड्याशी भांडतात. यावेळी वही बरोबर नेणार आहेत. ज्यांना त्या भांडणात सामील व्हायचंय त्यांनी सकाळी दहाला गेटपाशी या, मुलं नसली तरी चालतील, गार्डशी मी बोलते.