न मागितलेला खुलासा

अमेरिकेत कायदा शिकायचा असेल, तर आधी कुठलीतरी पदवी घ्यायची आणि मग एलसॅट नावाची परीक्षा द्यायची, असा तिथला शिरस्ता आहे. तिचे गुण १२० ते १८० या मापात मिळतात. म्हणजे सगळी उत्तरे चुकली तरी १२० कुठे जात नाहीत. मला १४६ मिळाले. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात या आकड्याचे दोन दिवस कौतुक झाले, आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या काकूंनी "कितीपैकी गं?" असे विचारल्यावर ते संपले. जाताना, लॉ कॉलेज रोडवर १९२४ पासून चांगले कॉलेज असताना इतक्या लांब कशाला, असेही त्या विचारून गेल्या.

गुण कमी पडले असतील, तर अर्जासोबत त्याची कारणे सांगणारे छोटेसे जोडपत्र देण्याची मुभा असते. ते सक्तीचे नसते. ३४ वर्षे सरकारी कचेरीत काढलेल्या बाबांना मी हे समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसत एका शब्दात निकाल लावला : "खुलासा." मात्र कारणे दाखवा नोटीस हाती पडण्याआधीच खुलासा सादर करणारा कर्मचारी त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता, आणि अशा माणसाची बढती होते यावर त्यांचा विश्वास बसेना. तरीही त्यांनी कागद घेतला, शेरा लिहिण्यापुरती डावीकडची पट्टी दुमडली आणि "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" इथपर्यंत एका दमात लिहून, "हं, कारण सांग," म्हणाले.

मी आवाजाचे कारण सांगितले, आणि ते खोटे नव्हते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी ही परीक्षा घरूनच दिली. खोलीत दुसरे कोणी चालत नव्हते आणि कॅमेऱ्यातून परीक्षक पाहत होता, म्हणून आईला काकूंकडे बसवून ठेवले होते. पण नदीकाठी ढोल-ताशांचा सराव करणाऱ्या पथकाला कुठे बसवणार? त्यातून ते पथक माझेच. ३५ मिनिटांच्या एका विभागात, ताशा अर्धी मात्रा मागे पडतोय हे ओळखण्यात माझे निदान दोन प्रश्न गेले. बाबा म्हणाले, "ढोल दरवर्षी वाजतात. तारीख तू निवडलीस." नंतर मी, बारावीच्या सीईटीतही मला कमी गुण होते आणि तरी पदवीला प्रथम वर्ग मिळाला, असा जुना दाखला पुढे केला. "म्हणजे सवय आहे असं लिहू?" असे त्यांनी विचारले.

खरे कारण मला शेवटी सांगावेच लागले. तयारीची पुस्तके मी अप्पा बळवंत चौकातून जुनी, निम्म्या किमतीत आणली होती. त्यांत सात पाहुणे, सात खुर्च्या, अमका तमक्याशेजारी बसणार नाही, अशा कोड्यांचा एक स्वतंत्र विभाग होता. आमच्या घराण्यातल्या लग्नांच्या पंगती ज्याने सांभाळल्या आहेत, त्याला ही कोडी मुळीच परकी वाटत नाहीत. त्यामुळे वर्षभर मी आकृत्या काढून त्यांतच प्रावीण्य मिळवले. हा विभाग ऑगस्ट २०२४ पासून परीक्षेतून काढून टाकण्यात आला, आणि त्याच्या जागी युक्तिवाद तपासण्याचा आणखी एक विभाग आला. मी नेमकी त्याच महिन्यात परीक्षेला बसले होते.

बाबांचा चेहरा उजळला. "नियमात बदल! हे भक्कम कारण आहे. सूचना कधी निघाली?"

"ऑक्टोबर २०२३."

त्यांनी बोटांवर दहा महिने मोजले आणि पेनाला टोपण लावले. वकील होऊ पाहणाऱ्या मुलीने स्वतःच्याच परीक्षेची सूचना दहा महिने वाचली नाही, हे विधी महाविद्यालयाला कोणत्या भाषेत कळवावे, याचा नमुना त्यांच्याकडे नव्हता. त्या संध्याकाळी चार ओळींचे जोडपत्र मी स्वतःच लिहिले, आणि त्यात ढोलही नव्हते, सीईटीही नव्हती.

नोव्हेंबरमध्ये नवी पुस्तके पूर्ण किमतीला घेऊन मी पुन्हा परीक्षा दिली आणि १५४ मिळवले. बहुतेक महाविद्यालये सर्वांत चांगले गुण धरतात, पण अहवालात आधीचा आकडाही दिसतोच. शिवाय दोन्हींत बरेच अंतर असेल तर त्याबद्दल दोन ओळी लिहाव्यात, असे माझ्या एका अर्जात चक्क छापलेले होते. मी ते वाचून दाखवले. या वेळी लेखी विचारणा झालेली आहे, हे बाबांनी दोनदा खात्री करून घेतले, नवा कागद काढला, डावीकडची पट्टी दुमडली आणि वळणदार अक्षरात लिहिले : "विषय : गुणवाढीबाबत खुलासा सादर करणेबाबत."