गार झाल्यावर चालू होते, म्हणून व्हेपर लॉक?

जुनी पेट्रोल मोटरहोम (राहायची सोय असलेली मोठी गाडी) उन्हात चढावर बंद पडली आणि अर्ध्या तासाने निमूट चालू झाली, की ठरलेला सल्ला मिळतो: ‘नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडलाय, व्हेपर लॉक. नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावा. नाहीच जमलं तर फ्युएल पंप बदला.’

गार झाल्यावर चालू होते हा व्हेपर लॉकचा पुरावा नाही. इग्निशन कॉइल, डिस्ट्रिब्युटरमधली (प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागातली) पिकअप कॉइल आणि इग्निशन मॉड्यूल हे ठिणगी पाडणारे विजेचे भागही तापले की दगा देतात, निवले की सुतासारखे सरळ. १९८०च्या दशकातल्या बऱ्याच फोर्ड इंजिनांत हे मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरच्या अंगावरच बसवलेलं असे. त्यात मोटरहोमचं इंजिन झाकणाखाली कोंडलेलं. आणखी काय हवं?

मुळात व्हेपर लॉक होतो कुठे? कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेल्या, गाडीत. तिथे इंजिनावरचा पंप लांबच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, आणि ओढीमुळे दाब घटला की ते लवकर उकळतं. फ्युएल इंजेक्शनमध्ये (पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या पद्धतीत) पंप बहुधा टाकीतच असतो, नळी दाबाखाली असते. तिथे ही शंका शेवटी घ्यावी. चिमट्यांबद्दल काय बोलायचं! लाकूड उष्णता खेचून घेत नाही. गाडी चालू होते ती चिमटे शोधण्यात गेलेल्या वेळाने.

खरी परीक्षा बंद पडल्या क्षणीच घ्यावी लागते. गाडी गार झाली की पुरावा गेला. म्हणून स्पार्क टेस्टर (ठिणगी पडते का ते दाखवणारं साधन) हाताशी ठेवा. स्टार्टर मारताना ठिणगी नाही? मग पेट्रोलचा नाद सोडा. ठिणगी आहे, तर कार्ब्युरेटरवाल्यांनी इंजिन बंद ठेवून, एअर फिल्टर काढून आत बघावं आणि हाताने थ्रॉटल उघडावा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली तर फ्लोट बाउलमध्ये (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल आहे. उडाली नाही, तर बाउल कोरडा असू शकतो. इंजेक्शनवाल्यांनी पेट्रोलचा दाब मोजायला प्रेशर गेज लावावा. बंद कशी पडली तेही आठवा: बटण दाबल्यासारखी झटक्यात गेली तर बहुधा वीज, गचके खात, दम तोडत गेली तर बहुधा पेट्रोल.

आणि ‘पंप बदला’? त्यासाठी बऱ्याचदा भलीमोठी टाकी उतरवावी लागते. त्याआधी फिल्टर बघा. टाकीचं झाकण उघडा: हवा सूं करून आत ओढली गेली तर व्हेंट (टाकीत हवा जायची वाट) तुंबलाय. टाकीवरच्या रबरी नळीला बारीक चिरा असतील तर इंजिनावरचा पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो, बाहेर मात्र थेंबही गळत नाही. विजेचा पंप असेल तर तो चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि पंपापाशी १०–११ असेल, तर दोष वायर, रिले किंवा गंजलेल्या अर्थिंगमध्ये. नवा पंपही तसाच मरगळेल. माझ्या गाडीत शेवटी गंजलेली अर्थ वायरच निघाली, पंप बदलून झाल्यावर.