‘मावशी, हेल्मेट तर आहे ना!’

आज सकाळी घरच्या ग्रुपवर भाचीचा फोटो आला. नवी कोरी मोटरसायकल, स्वतःच्या कमाईची. डोक्यावर नवं हेल्मेट. ओपन फेस. मागून मानेपर्यंत, बाजूने कानांपर्यंत झाकलेलं, आणि पुढे नाक, तोंड, हनुवटी सगळं उघडं. पोरगी इतकं गोड हसतेय की बघत राहावं. पाच मिनिटांत सगळ्यांनी बदामांचा पाऊस पाडला. मी एवढंच विचारलं, ‘हनुवटीही झाकणारं फुल फेस का नाही घेतलंस गं?’

उत्तर आलं, ‘मावशी, हेल्मेट तर आहे ना!’

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. हे वाक्य मी आधी ऐकलंय. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात ऐकलंय, जो भेटायला येईल त्याच्या तोंडून ऐकलंय. ‘हेल्मेट होतं ना? मग असं कसं झालं?’

माझा धाकटा भाऊ. म्हणजे हिचाच मामा. ही तेव्हा चार वर्षांची होती. तिला एवढंच आठवतं की मामा काही दिवस बोलायचा नाही, वहीत लिहून दाखवायचा. तिला तो खेळ वाटायचा. तीही शेजारी बसून त्याच वहीत रेघोट्या मारायची. आम्ही मोठ्यांनी पुढे तिला कधी नीट सांगितलंच नाही, ही चूक आमची. म्हणून आज सांगते.

वळणावर वाळू पसरलेली होती. पुढचं चाक सटकलं. वेग तीससुद्धा नसेल. हात हँडलवरच राहिले आणि रस्त्याला आधी लागली ती हनुवटी. हेल्मेट ओपन फेसच होतं. चांगल्या कंपनीचं, बरोबर मापाचं, पट्टा व्यवस्थित बांधलेला. त्या हेल्मेटवर साधा ओरखडा नाही. आमच्या माळ्यावर आहे अजून, काढून बघा. आणि ज्याने ते घातलं होतं त्याचा जबडा तीन ठिकाणी मोडला होता.

तीन ठिकाणी कसा, ते डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. खालचा जबडा म्हणजे घोड्याच्या नालेसारखं एकच हाड. मार पुढे हनुवटीवर बसला तरी जोर मागे दोन्ही टोकांपर्यंत पोचतो. त्यामुळे हनुवटी मधोमध तडकली आणि दोन्ही कानांच्या पुढचे सांधेही मोडले. वरचे दात आणि खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. सहा आठवडे तोंड बंद. शुद्धीवर आल्यावर त्याने हातानेच पेन मागितलं. वहीत पहिली ओळ लिहिली, ‘किती दात गेले?’

मी मोजून सांगितले. चार.

आता तुम्ही म्हणाल, एकाचं असं झालं म्हणून सगळ्यांनी घाबरायचं का? हो, घाबरायचं. पडताना माणूस काय, कुठला भाग आधी टेकवायचा हे ठरवून पडतो? पुढे पडला की चेहरा पुढे असतो, यात संशोधन कसलं करायचंय? तरी तेही झालेलं आहे. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाचा अहवाल आला. नऊशे अपघात जागेवर जाऊन तपासले होते त्यांनी. फुल फेसमुळे संरक्षण वाढतं आणि चेहऱ्याच्या इजा खूप कमी होतात, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी गोष्ट झाली ही. आणि आपण अजून ‘कुठलं शोभून दिसतं’ यावरच अडलोय.

‘मी हळूच चालवते’ हा तर सगळ्यांचाच हुकमी एक्का. अगं बाळा, गाडी उभी असली तरी डोकं जमिनीपासून पाच फुटांवर असतं ना? दीड मीटरवरून काहीही सुटलं तरी जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास जातो. गाडी किती हळू चालली होती याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तुझा मामाही हळूच चालवत होता.

(हे टाइप करतेय तोवर एका नातलगांचा खासगीत मेसेज आला. ‘मुलीचा आनंदाचा दिवस आहे, कशाला विरजण घालतेस? काहीच न घालण्यापेक्षा बरं आहे की.’)

बरं आहे. मान्य. उघड्या डोक्यापेक्षा ओपन फेस शंभर पटींनी बरं, आणि डोक्याच्या मागे किंवा बाजूला मार बसला असता तर त्याच हेल्मेटने माझ्या भावाला वाचवलं असतं, हेही मान्य. पण ‘काहीच नाही’शी तुलना कोण करतंय इथे? तिने हेल्मेट घ्यायचं ठरवलं होतं. निवड दोन हेल्मेटांमधली होती. तेव्हा एकाही मोठ्या माणसाने तोंड उघडलं नाही, आणि मी उघडलं तर मी विरजण घालणारी!

खरं सांगू? माझा राग भाचीवर नाहीच. तिचं वय बावीस. वारा तोंडावर घ्यावासा वाटणारच. मलाही वाटायचा. राग त्या बदाम टाकणाऱ्यांवर आहे. त्यातल्या निम्म्यांनी मामाची ती वही स्वतः हातात धरून वाचली आहे.

ओपन फेसची बाजू मला पाठ आहे. उकडत नाही. चष्मा घालता येतो. काच धुरकट होत नाही. आजूबाजूचं ऐकू येतं. कोंडल्यासारखं होत नाही. यातलं उकाड्याचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, सिग्नलला काच वर करायची नि सोसायचं. चष्म्याचं म्हणाल तर मी स्वतः चष्मा लावते. आधी हेल्मेट, मग चष्मा, काड्या सरळ आत सरकवायच्या. कानाजवळ चष्म्यासाठी खाच ठेवलेली हेल्मेटं मिळतात. काच धुरकट होते ती आपल्याच श्वासाने. त्यासाठी काचेच्या आतून लावायची दुसरी पातळ काच येते, पिनलॉक म्हणतात तिला. दोन काचांमध्ये हवा अडकते आणि आतली काच गार पडत नाही, म्हणून वाफ धरत नाही. हनुवटीजवळची हवेची खिडकी उघडी ठेवली तरी बराच फरक पडतो. बहुतेक जण ती एकदाही उघडत नाहीत, आणि मग फुल फेसला नावं ठेवतात.

ऐकू न येण्याचं तर हर्टच्या त्याच अहवालाने निकालात काढलंय. हेल्मेटमुळे ऐकू आलं नाही किंवा दिसलं नाही म्हणून अपघात झाला, असं त्या नऊशेंत आढळलं नाही.

एक गोष्ट मात्र मलाही टोचते. पडलेल्या माणसाचं फुल फेस ओढून काढलं तर मानेला इजा होऊ शकते. खरंय. म्हणून ते ओढून काढायचं नसतं. श्वास नीट चालू असेल तर जाणती माणसं येईपर्यंत डोक्यावरच राहू द्यायचं, आणि काढावंच लागलं तर दोघांनी मिळून, एकाने मान आणि डोकं स्थिर धरून. काही हेल्मेटांच्या गालाच्या गाद्या लाल पट्टी ओढून आधी बाहेर काढता येतात. हे शिकून घ्यायचं की त्या भीतीने हनुवटी उघडी टाकायची?

जगाला डोकं झाकायचं पटायलाच मुळात किती वेळ गेला बघा. १९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या माराने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. ते ही गोष्ट विसरले नाहीत. सैन्यातल्या निरोप्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली त्यांनी हेल्मेटच्या बाजूने लेख लिहिला. पुढे १९६८ मध्ये डॅन गर्नी हा अमेरिकन ड्रायव्हर फॉर्म्युला वन मोटारींच्या शर्यतीत फुल फेस घालून उतरला, आणि बघता बघता सगळेच तसं घालायला लागले. वेग हाच ज्यांचा धंदा, त्यांनी हनुवटीचा प्रश्न तेव्हाच सोडवून टाकला.

आणि फुल फेस घेताना तरी डोळे उघडे ठेवा, ही विनंती. पुढे हनुवटीसमोर पट्टी दिसली म्हणजे ती वाचवेलच असं नाही. हनुवटीच्या पट्टीत आतून बोट घालून बघा. तिथे नुसता मऊ स्पंज लागला तर ठेवून द्या. कडक थर्माकोलसारखा थर लागला पाहिजे, कारण धक्का खातो तो हाच थर. आणि तो दबला की दबला, पुन्हा फुगत नाही, म्हणून एकदा आपटलेलं हेल्मेट वरून कितीही नवं दिसलं तरी बाद. ईसीई २२ या युरोपातल्या हेल्मेट मानकाचं असेल तर हनुवटीखाली बांधायच्या पट्ट्याला शिवलेलं लेबल वाचा. क्रमांकाजवळ ‘पी’ असेल तर हनुवटीची पट्टी संरक्षक म्हणून तपासलेली आहे. ‘जे’ म्हणजे ओपन फेस. आणि ‘एनपी’ असेल तर नीट ऐका: दिसायला हनुवटी झाकलेली, पण ती पट्टी संरक्षण देत नाही, असं त्या लेबलनेच सांगितलेलं असतं! पुढचा भाग वर उचलता येणारं मॉड्युलर ज्यांना हवं त्यांनी ‘पी’ आणि ‘जे’ दोन्ही छापलेलं बघून घ्यावं, आणि चालवताना तो खाली लावूनच ठेवावा. वर करून हिंडणारे मी रोज बघते. जीव वरखाली होतो.

रात्र झाली. एवढा वेळ रागारागाने लिहीत होते, आता राग उतरला.

आज दिवसभर मला ती पक्कड आठवतेय. जबडा तारांनी बांधलेल्या माणसाच्या उशाशी तार कापायची छोटी पक्कड ठेवायला देतात. झोपेत उलटी झाली तर तोंड उघडता येत नाही, जीव गुदमरतो, मग जो जवळ असेल त्याने तारा कापायच्या. घरी आणल्यावर ते काम माझ्याकडे होतं. कुठली तार आधी, कुठली नंतर, हे मला दोनदा करून दाखवलं होतं. मी त्याच्या पलंगाला टेकून जमिनीवर बसायची, पक्कड मुठीत. तो जरा खाकरला तरी माझे हात थरथरायचे. एका रात्री त्याने माझ्या खांद्याला हात लावला, वही पुढे केली. लिहिलं होतं, ‘ताई, तू झोप. पक्कड माझ्याजवळ दे.’

सहा आठवड्यांनी तारा काढल्या तेव्हा तोंड एका बोटाएवढंच उघडत होतं. मग लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, दर दोन-तीन दिवसांनी एक पट्टी वाढवायची. डोळ्यांतून पाणी यायचं त्याच्या, पण आवाज काढायचा नाही. आज तो सगळं चावून खातो, गाडीही चालवतो, फुल फेस घालून. फक्त मोठ्याने हसताना हनुवटी जराशी डावीकडे जाते. तुमच्या लक्षातही येणार नाही. मला दर वेळी दिसतं.

भाचीबाई, तुझा फोटो खरंच सुंदर आहे. तुझ्या कमाईची गाडी बघून सगळ्यात जास्त ऊर माझा भरून आलाय, हे आधी म्हणायला हवं होतं. तेवढं राहिलं.

रविवारी घरी ये. मापाची टेप घेऊन बसते, भुवयांच्या जरा वरून डोकं मोजू, मग फुल फेस बघू. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत, बोलताना आतून गाल चावला गेला पाहिजे. पहिल्या दिवशी घट्टच वाटतं, गाद्या पुढे बसतात. पट्टा बांधून मागून वर ढकललं तर निघता कामा नये, हे मी स्वतः ओढून बघणार. रंग तुझ्या आवडीचा. मामालाही बोलावलंय. वही कपाटातून काढून ठेवली आहे, तुझ्या रेघोट्या आहेत तिच्यात.