आधी लिहा, मग जर्मनीला जा

सर, जर्मनीतल्या हायडलबर्ग विद्यापीठाचं निमंत्रण आलं म्हणे. बातमी तुम्ही स्टाफरूममध्ये सांगायच्या आधीच बिंदू चौकात पोचली होती. आता पहिलं काम करा : 'मी पाहिलेला जर्मनी' हा लेख लिहून टाका. आजच, इथंच, कोल्हापुरात बसून. व्हिसाचं नंतर बघू.

तिथं गेल्यावर देश दिसायला लागतो, आणि देश दिसायला लागला की लेख बिघडतो. आपले राजाराम महाराज १८७० साली युरोपला गेले आणि रोजच्या रोज रोजनिशी लिहीत बसले. जे दिसलं ते त्या दिवशी कागदावर. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला ते वारले, रोजनिशी १८७२ साली लंडनला छापून आली आणि आजही लोक ती वाचतात. तुम्हाला एवढा वेळ कुठला? तुमचा लेख दिवाळी अंकाला द्यायचाय. तीन परिच्छेद पुरेत. स्वच्छता, शिस्त, वक्तशीरपणा. शेवटी 'आपण कधी शिकणार?' एवढं टाकलं की झालं.

घरात कोणी विचारलं की कशासाठी चाललाय, तर ज्ञानासाठी असं सांगा. आपल्यात म्हणून खरं बोलू. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत, नेमणूक-बढतीच्या हिशेबात, परदेशात निबंध वाचला की ७ गुण, देशातल्याच आंतरराष्ट्रीय परिषदेत वाचला तर ५, राष्ट्रीय परिषदेला ३, राज्य किंवा विद्यापीठ पातळीला २. म्हणजे तोच निबंध, त्याच चुकांसकट, सांगलीत वाचला तर २ आणि जर्मनीत ७. ज्ञान हवामानावर अवलंबून असतं, एवढाच त्याचा अर्थ.

जायची वेळ मात्र नीट निवडा. तिथलं उन्हाळी सत्र एप्रिलच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, हिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत. ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर रिकाम्या हॉलला भाषण द्यावं लागेल. त्याची सवय आहे म्हणा आपल्याला, पण तिथं हजेरीपटावर सह्या गोळा करून आणणारा शिपाई नसतो. मे महिना आपल्या सुट्टीला सोयीचा. फक्त मे-जूनमध्ये गुरुवारी येणारे दोन सण असतात, आणि शुक्रवारचीही रजा टाकून लोक जोडसुट्टी करतात. हे वाचून हुरळून जाऊन लेखात घालू नका. जर्मन माणूस जोडसुट्टी घेतो हे वाचकाला पचणार नाही.

आता व्हिसा. ९० युरो फी, ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा फोटो, किमान ३० हजार युरोंचा विमा, आणि खर्च कोण करणार हे स्पष्ट लिहिलेलं निमंत्रणपत्र. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण आपण तो शेवटच्या पंधरवड्यात करायला जातो आणि तिथंच अडकतो, कारण किमान पंधरा दिवस आधी तो पोचलेला लागतो. दुसरी अडचण तारखांची. मुंबईहून विमान रात्री दोनला सुटतं. म्हणजे कोल्हापूर सोडलं बारा तारखेला आणि तिकिटावर तेरा. रजामंजुरी बारापासून, विमा तेरापासून, निमंत्रण चौदापासून, आणि संस्थेच्या ना-हरकत पत्रावर 'दि. ' पुढे नुसती मोकळी जागा. खिडकीपलीकडची मुलगी हे चारही कागद शेजारी शेजारी ठेवते तेव्हा 'अॅडजस्ट करा की' म्हणायचा मोह आवरा.

बॅगेचं जास्त महत्त्वाचं. यजमानांसाठी पेढे न्यायचं मनात असेल तर राहू द्या. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवासी सामानातून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे गेले, तूप गेलं, सुकं मटण तर गेलंच. गूळ चालतो, भडंग चालतं, कांदा-लसूण चटणी चालते. चटणी स्टीलच्या डब्यात घालून झाकणाला चिकटपट्टी मारली म्हणजे झालं असं समजू नका. विमानात हवेचा दाब बदलतो आणि तेल कडेकडेनं बाहेर येतं. आधी दोन पिशव्या, मग डबा, मग तिसरी पिशवी, आणि हे सगळं निबंधाच्या प्रतींपासून लांब. नाहीतर तुमच्या संशोधनाला पहिल्यांदाच चव येईल.

सत्कारासाठी फेटा नेणारच असाल तर तयार शिवलेला न्या आणि यजमानांच्या डोक्याचा घेर मेलवर आधीच विचारून घ्या. हा मेल वाचताना त्यांना काय वाटेल याचा विचार करू नका. चपलांचा जोड द्यायचा तर त्यांचे पाय बहुधा ४४ नंबरचे निघतात. करकर वाजणारी मात्र देऊ नका. रात्री दहा ते सकाळी सहा तिथं शांततेची वेळ असते, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई तुमच्या हस्तकलेच्या वारशावर चिठ्ठी लिहून दाराला लावतील.

रविवारी पोचू नका. दुकानं बंद. स्टेशन, विमानतळ, पेट्रोलपंप आणि थोडा वेळ उघडणाऱ्या बेकऱ्या सोडल्या तर किराणा मिळत नाही. तरीही पोचलातच तर अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात चटणी आणि कांदा घेऊन उभे राहाल, म्हणून शेगडीचं सांगून ठेवतो. काळ्या काचेची सपाट शेगडी असते. ज्योत दिसत नाही, भगभग आवाज नाही. बटण फिरवलं तरी दोन मिनिटं काही होत नाही, म्हणून आपण ते नऊवर नेतो. मग तेल एकदम धुरावतं. घाईनं बटण बंद करावं तर काच तशीच तापलेली राहते, मोहरी तडतडायच्या आत काळी पडते आणि तिच्यामागून चटणी पेटल्यासारखी उठते. छताला चिकटवलेली पांढरी डबी याचीच वाट पाहत असते. काही इमारतींत ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली असते, आणि ती माणसं खरंच येतात. तेव्हा चार-पाचच्या वर जायचं नाही, भांडं काचेवरून उचलून बाजूला घ्यायचं आणि खिडकी आधी उघडायची. हे साधलं नाही तर भडंग आहेच.

पाण्याच्या बाटल्या चेपून टाकू नका. एकदाच वापरायच्या एकेका प्लॅस्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. सुपरमार्केटातलं यंत्र बाटलीवरची खूण वाचून पावती देतं, चेपलेली बाटली तोंडावर परत फेकतं. लेखात हे 'पर्यावरणभान' म्हणून घालायचं. तुम्ही आठ बाटल्या दोन युरोंसाठी दीड किलोमीटर वाहून नेल्या हे गाळायचं.

वक्तशीरपणाच्या परिच्छेदाला सर्वात मोठा धोका रेल्वेचा. तिथल्या रेल्वेच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीरच नव्हे, आणि रद्द झालेली गाडी गणतीतच येत नाही. एवढी सवलत घेऊनही २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या शंभरातल्या साधारण ६२ गाड्याच वेळेवर आल्या. फ्रँकफर्टच्या फलाटावर तुम्ही चाळीस मिनिटं थंडीत उभे राहणार आहात हे गृहीत धरा आणि 'जर्मन गाडीवर घड्याळ लावावं' हे वाक्य तसंच ठेवा. महिन्याच्या पासाचंही बघा. २०२३ मध्ये तो ४९ युरोंना निघाला, २०२५ मध्ये ५८ झाला. सगळ्या देशात चालतो, पण अतिजलद गाड्यांत नाही, आणि महिन्याच्या दहा तारखेपर्यंत रद्द केला नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कोल्हापुरात बसून भरावे लागतात.

व्याख्यान दहाचं असेल आणि पुढं लॅटिनमधली दोन अक्षरं असतील तर ते सव्वादहाला सुरू होतं. पंधरा मिनिटांचा उशीर त्यांनी छापून टाकलाय. आपल्याला हे कधी सुचलं नाही, कारण आपला उशीर छापायचा तर पत्रिका पुरणार नाही. दीपप्रज्वलन नाही, पाहुण्यांचा परिचय दोन ओळींत. तो ऐकून 'हे माझ्याबद्दलच आहे ना?' असं होईल. भाषण संपलं की लोक बोटांच्या पेरांनी बाकावर टकटक करतात. घाबरू नका, तुम्हाला बसा म्हणत नाहीत, ती दाद आहे. अहवालात 'टाळ्यांचा कडकडाट' लिहा. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकसाठी अक्षांश-रेखांश असलेला फोटो लागतो, आणि तिथं माणसांचे फोटो त्यांना न विचारता छापता येत नाहीत. मधला मार्ग म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचा फोटो. अक्षांश त्यातही येतात.

जेवणानंतर वेटर विचारेल, एकत्र की वेगवेगळं? आपल्याकडं बिलासाठी हात धरून झटापट होते. तिथं तुम्ही 'मी देतो' म्हणालात तर ते हो म्हणतात.

विद्यापीठ १३८६ सालचं. त्यात विद्यार्थ्यांचा तुरुंग आहे, १९१४ पर्यंत वापरात असलेला. रात्री दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्या मुलांना तिथं कोंडत, आणि मुलं मिरवत आत जात. भिंती आणि छत त्यांच्या रेखाटनांनी भरलेत. तिथं सेल्फी घ्याच. बाकावर नाव कोरलं म्हणून तुम्ही गेल्या सत्रात ज्याला पालक घेऊन यायला सांगितलं, त्यालाही पाठवा.

शेवटी एक अडचण. तिथली दक्षिण आशिया संस्था १९६२ सालची, आपलं शिवाजी विद्यापीठही १९६२ चं. हे भाषणात वापरा, टकटक हमखास. पण त्याच संस्थेत गुंथर सोन्थायमर शिकवायचे, १९९२ साली वारले. मराठी येणारा माणूस. धनगरांबरोबर फिरला, ओव्या ध्वनिमुद्रित केल्या, खंडोबा आणि बिरोबावर आयुष्य घालवलं. चहाच्या वेळी कोणीतरी तुम्हाला पट्टणकोडोलीच्या बिरोबाच्या यात्रेबद्दल विचारणार, भंडारा नक्की कधी उधळतात म्हणून. कोल्हापुरातून अर्ध्या-पाऊण तासाची वाट, आणि तुम्ही कधी गेला नाही. अशा वेळी हायडलबर्गच्या किल्ल्यातल्या मोठ्या पिंपाचा विषय काढा. दोन लाख लिटरच्या वर दारू मावते त्यात.

परत आल्यावर गेटवर फ्लेक्स लागेल. 'वक्तशीर जर्मनी' हे व्याख्यान अकराला ठेवा, साडेबाराला सुरू होईल. मागच्या बाकावर पट्टणकोडोलीचा एखादा पोरगा असतोच, आणि तो उठून सोन्थायमरांचंच विचारेल. माईक बंद पडलाय अशी खूण करा. आपल्या हॉलात ते खोटंही ठरत नाही.