तिकीट काढलं की माणूस येतो

दादाने जानेवारीत कोथरूडला आमचं नाटक पाहिलं आणि घरच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. ‘गाणी चांगली आहेत. ते व्हिसाचं रडगाणं मात्र पटलं नाही, तिकीट काढलं की माणूस येतो.’ पाच मिनिटांत खाली अकरा अंगठे. त्यातले दोन अंगठे ज्या भाच्यांचे, त्यांचे अमेरिकेत शिकायला जाण्यासाठी जीआरई परीक्षेचे क्लास चालू आहेत.

आमचं नाटक म्हणजे इथल्या, न्यू जर्सीतल्या हौशी मंडळींनी उभं केलेलं संगीत नाटक. एक जण नोकरीसाठी अमेरिकेत येतो, बायको एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, घरात बसते, मुलगी इंग्रजीतून भांडते आणि तिकडे गावी त्याचे वडील वारतात. दोन तास, अकरा गाणी, साथीला पेटी-तबला. दोन वर्षं इकडच्या मंडळांतून प्रयोग केले आणि यंदा सुट्ट्या जोडून पुणे, ठाणे, नाशिक असा दौरा झाला. सगळं नेपथ्य 23 किलोच्या बॅगांमध्ये मावतं. त्याच बॅगा रंगमंचावर रांगेत मांडल्या की विमानतळ, एकीवर एक रचल्या की घर. प्रकाशयोजना माझी. म्हणजे शाळेच्या ऑडिटोरियममध्ये जे आठ-दहा स्लायडर असतील ते मी खालीवर करतो आणि सव्वादहाला कस्टोडियन किल्ल्या वाजवायला लागला की सगळ्यांना हाकलतो. पुण्याला काही गेलो नाही. पीटीओ, म्हणजे पगारी रजा, शिल्लक नव्हती.

तर, रडगाणं. हा शब्द मी वीस वर्षं ऐकतोय. लग्नात, मुंजीत, दिवाळी अंकांवरच्या गप्पांत. स्थलांतर म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. तुम्ही विमानाने गेलात, दोन गाड्या घेतल्यात, आता हुंदके कसले देता? माझ्याकडे दोन गाड्या आहेत हे खरं आहे. पण मग गिरणगावात आलेला कोकणातला चाकरमानी? त्याला कुणी हद्दपार केलं नव्हतं, तोही पगारासाठीच आला होता. लालबाग-परळच्या गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपायचा आणि रात्री भजनाला, शक्ती-तुऱ्याला बसायचा. आमचं मंडळ म्हणजे तीच गावकीची खोली, फक्त पार्किंग मोठं. वाटेगावहून मुंबईला आलेल्या अण्णाभाऊंच्या छक्कडीतला माणूस मैनेला गावाकडे ठेवून मुंबईत जिवाची काहिली करून घेत बसतो. त्याला अजून कुणी सुनावलेलं ऐकलं नाही, की बाबा रे, एसटीत बस आणि जा.

दादाला वाटतं व्हिसा म्हणजे रेशनकार्ड, एकदा झालं की झालं. वर्षाला 85 हजार एच-वन, म्हणजे नोकरीचे नवे व्हिसा, तेही लॉटरीने. ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला 7 टक्क्यांहून जास्त वाटा नाही, म्हणजे भारताची रांग आणि आइसलँडची रांग कायद्याच्या लेखी सारखीच. माझ्यानंतर अर्ज टाकणाऱ्यांची मुलं रांगेतच एकवीस वर्षांची होतात आणि आईबापांच्या अर्जातून गळतात. सप्टेंबर 2025 मध्ये तर बाहेरून नवा माणूस आणायचा तर कंपनीने एक लाख डॉलर भरा, असा हुकूम निघाला. त्या शुक्रवारी रात्री सुट्टीवर गेलेले लोक मिळेल त्या विमानाने परतत होते, कारण हुकूम नेमका कुणाला लागू हे शनिवार दुपारपर्यंत वकिलांनाही सांगता येत नव्हतं. भाच्यांनो, अंगठे जपून ठेवा.

आणि पुणेकरांनी नाटकाची पारख शिकवावी? ज्या शहरात 1880 साली किर्लोस्करांनी संगीत नाटक उभं केलं, तिथे आमच्या दुसऱ्या अंकात तीन फोन वाजले आणि एकाने तर घेऊन ‘नाटकात आहे’ असं सांगितलं. पहिल्या चार रांगा पासवरच्या. इकडे अडीचशे माणसं पंचवीस डॉलरचं तिकीट काढून, बाहेर बर्फ पडत असताना, मुलांसकट येतात. मध्यंतरात गार बटाटेवडा खातात आणि तिसऱ्या घंटेला जागेवर असतात. हीटरच्या कोरड्या हवेने तबल्याची पुडी ताणते आणि सूर चढत जातो. तबलजी मध्यंतरात हातोडी घेऊन बसतो, तरी शेवटच्या गाण्याला पेटी एकीकडे नि तबला दुसरीकडे. कुणी तक्रार करत नाही. (करायला हवी, असं कधीकधी मला वाटतं. पण ते असो.)

दादाचं मला आणखी एक खटकतं. गेल्या वर्षी पहिलीपासून हिंदी आणणारा जीआर निघाला तेव्हा तो पेटून उठला होता. 29 जूनला सरकारने माघार घेतली तेव्हा ग्रुपवर पेढ्यांचे फोटो. मीही इथून जोरजोरात लिहिलं, मराठीवर आक्रमण वगैरे. माझी मुलगी आमच्या नाटकाच्या कोरसमध्ये आहे आणि गाणी रोमनमध्ये लिहून घेते, ही गोष्ट मी त्या चर्चेत काढली नाही. बाहेरून आलेल्यांनी आपापसात कुठली भाषा बोलावी, सण किती मोठ्याने करावेत, याबद्दल दादाची मतं पक्की आहेत. मी इथे एडिसनला ढोल-ताशे वाजवून गणपती काढतो, त्याचा व्हिडिओ तो कौतुकाने पुढे पाठवतो.

त्याच्या सोसायटीत एक वॉचमन होता, बिहारकडचा. तीनेक वर्षांपूर्वी त्याचे वडील वारले. फोन आला तसा तो रात्रीच पुणे स्टेशनला गेला, जनरलच्या डब्यात चढला. रजेचा अर्ज नाही, बदली माणूस नाही, गेट उघडं. दादा फोनवर चिडून सांगत होता, ‘यांना जबाबदारी म्हणून नाही.’ मी हो ला हो केलं. एवढंच नाही, ‘आमच्याकडे असं चालत नाही’ असंही वर म्हणालो. महिन्याने तो परत आला तेव्हा त्याच्या जागी दुसरा होता.

आमचे वडील, अण्णा, 2012 च्या फेब्रुवारीत गेले. मी तीन महिन्यांपूर्वी नोकरी बदलली होती आणि पासपोर्टवरच्या व्हिसाच्या जुन्या शिक्क्याची मुदत संपली होती. आमच्या नाटकात या जागी नायक अडकतो. बॅगांची भिंत त्याच्यापुढे उभी राहते, कोरस म्हणतो की दार बंद आहे, आणि मी निळा स्लायडर सावकाश खाली आणतो, आठ मात्रांत. इकडे त्या आठ मात्रांत कुणी खोकतसुद्धा नाही. कोथरूडला म्हणे मागून हसण्याचा आवाज आला.

दार बंद नव्हतं. व्हिसा जाणाऱ्याला अडवत नाही, परत येणाऱ्याला अडवतो. मी त्याच रात्री नेवार्कहून निघू शकलो असतो. मुंबईला नव्या शिक्क्यासाठी, स्टॅम्पिंगला, उभं राहावं लागलं असतं, 221-जीचा, म्हणजे अर्ज तपासणीसाठी थांबवल्याचा, कागद हातात पडला असता तर दोन महिने तिकडे अडकलो असतो आणि नवी नोकरी बहुतेक गेली असती. बहुतेक. वकिलाला फोन केला, त्याने ‘मी जाऊ नका असं म्हणत नाही’ एवढंच सांगितलं, आणि ते मला पुरलं. वैकुंठ स्मशानभूमीत दादाने फोन स्पीकरवर ठेवला होता. मला गुरुजींचा आवाज येत होता आणि मागे कुणीतरी गाडी काढायला सांगत होतं. दादाला तेव्हा मी म्हणालो, ‘व्हिसामुळे येता येत नाही रे.’ तो म्हणाला, ‘बरं.’

चौदा वर्षांनी त्याने ग्रुपवर लिहिलं, तिकीट काढलं की माणूस येतो. त्याने नाटकाबद्दल लिहिलं असेलही.

परवा रात्री ग्रुपवर न लिहिता मी त्याला वेगळा मेसेज केला. चार वेळा खोडला. शेवटी एवढंच पाठवलं: ‘ते गाणं खोटं आहे. यायला आलं असतं.’ तिकडे सकाळ होती, निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग बराच वेळ काही नाही. मी झोपायला निघालो तेव्हा उत्तर आलं.

‘यंदा अण्णांची तिथी रविवारी येतेय. गुरुजींना सांगून ठेवलंय.’