सत्तरीनंतर मणक्याची सुई दुखत नाही, हे कुणी सांगितलं?

पिचलेल्या मणक्यात सुईने वैद्यकीय सिमेंट भरण्याबद्दलचा (व्हर्टिब्रोप्लास्टीचा) एक मजकूर फिरतोय आणि नेमका ज्यांची तारीख ठरली आहे अशा आजी-आजोबांपर्यंत पोचतोय. त्याचं म्हणणं: सत्तरीनंतर वेदना कमीच जाणवते, लोकल (तेवढीच जागा बधिर करणारं इंजेक्शन) दिलं की पुढे काही कळत नाही, ते २ टक्क्यांचंच मागावं आणि तरीही दुखलं तर गप्प पडून राहावं, नाहीतर गुंगी देतात.

गप्प पडून राहावं? अहो, रुग्णाला जागं ठेवण्याचा मोठा फायदाच हा की तो बोलू शकतो! पाठीत दाब आणि सुईवरचे ठोके जाणवणारच. पण मांडीतून पायात सणक गेली किंवा पाय बधिर वाटला, तर सुई किंवा सिमेंट नसेपाशी असू शकतं. त्याच क्षणी सांगितलं तर हात थांबतो. सिमेंट काही मिनिटांत घट्ट होतं. मग सांगून काय उपयोग? फक्त अंग हलवू नये. ऐकू कमी येत असेल तर कानातलं यंत्र काढू देऊ नका, हात दाबण्याची खूण आधीच ठरवा.

'पुढे काही कळत नाही' हेही खोटं. खरी दुखरी जागा हाडावरचं आवरण. सुई हाडाला टेकवून तिथेच औषध सोडावं लागतं आणि दोन-तीन मिनिटं थांबावं लागतं. घाई होते ती इथेच. मणक्याच्या आतली नस मात्र या लोकलने बधिर होत नाही. सिमेंट शिरताना दाब वाढला की कळ येते, म्हणून वेदनाशामक त्याआधीच शिरेतून द्यायचं.

२ टक्क्यांचा हट्ट तर धोक्याचा. लोकलसाठीच्या साध्या लिग्नोकेन या औषधाची मर्यादा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम. ५० किलोच्या रुग्णाला २२५ मिलिग्रॅम, म्हणजे १ टक्क्याचं २२ मिली, पण २ टक्क्यांचं ११ मिलीच. दोन मणके, दोन्ही बाजू, चार जागा: ११ मिली कुठे पुरणार? यकृत किंवा हृदय कमजोर असेल तर मर्यादा आणखी खाली. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण ही औषध जास्त झाल्याची खूण असू शकते; तसं झालं तर लगेच सांगा.

वेदना कमी जाणवते हे अर्धं खरं, मान्य. २०१७ सालच्या एका मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात) वेदना जाणवू लागण्याचा उंबरठा वयानुसार वर सरकलेला दिसला. सहनशक्ती मात्र वाढलेली नव्हती.

गुंगीची भीतीही अगदीच निराधार नाही. पालथ्या रुग्णाचा श्वास मंदावला तर सावरणं अवघड. म्हणून गुंगीचं मिडाझोलाम ०.५ ते १ मिलिग्रॅम, वेदनाशामक फेंटॅनिल २५ मायक्रोग्रॅम, एका वेळी एकच, आणि पुढच्या डोसआधी निदान पाच मिनिटं थांबायचं.