चार फुटी टाकीतला अरोवाना

वाद पेटला तो पक्याच्या एका वाक्यावरून. "मासा टाकीच्या मापानेच वाढतो रे. देवाने सोयच केलीये तशी."

संतोषने कटिंगचा ग्लास खाली ठेवला. हा माणूस डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत घरोघरी फिशटँक साफ करायला जातो. एरवी कट्ट्यावर तोंड उघडत नाही, पण हे वाक्य त्याला झोंबलं असावं.

"देवाने नाही, तू केलीयेस सोय. मासा पाण्यातच हगतो आणि श्वासही त्याच पाण्यात घेतो. कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट. ते नायट्रेट पाणी बदलल्याशिवाय जात नाही. मोठा मासा आणि छोटी टाकी असली की ते साचत जातं. भूक मरते, वाढ खुंटते, कधी कण्याला बाक येतो. आणि तुम्ही म्हणता, बघा कसा मापात बसला!"

"माझ्याचा कणा सरळ आहे," पक्या म्हणाला.

पक्याकडे सिल्व्हर अरोवाना आहे. बोटाएवढा असताना घेतलेला, आता दोन फुटांचा. टाकी चार बाय दीड बाय दीड, म्हणजे नऊ घनफूट, अडीचशे लिटरच्या आसपास पाणी. पक्याला ती प्रचंड वाटते, कारण हॉलची एक अख्खी भिंत गेलीये. पण अॅमेझॉनच्या खोऱ्यातला हा मासा तीन फुटांपर्यंत सहज जातो. पुरात बुडालेल्या जंगलात पृष्ठभागालगत फिरतो आणि वरच्या फांदीवरचा किडा उडी मारून टिपतो. पक्याने झाकणावर दोन विटा ठेवल्यात, त्या याच उडीसाठी.

"दीड फूट रुंदीत दोन फुटांचा मासा वळतो कसा?" शिल्पाने विचारलं.

"वळतो की."

"अंग दुमडून वळतो," संतोष म्हणाला. "आणि त्याचा एक डोळा खाली झुकलाय ते बघितलंस का? ड्रॉप आय म्हणतात. कोणी म्हणतं चरबीने होतं, कोणी म्हणतं सतत खाली बघून होतं. मी इतक्या घरांत बघितलाय की काही गिऱ्हाइकांना वाटतं अरोवानाचा डोळा असाच असतो."

इथे बाळ्या उतरला. बाळ्याचा मुद्दा ठरलेला असतो, पण टाकाऊ नसतो. "रविवारी सुरमईच्या तुकड्या तळून खाता आणि सोमवारी अरोवानासाठी गळा काढता? पक्याचा मासा निदान जिवंत तरी आहे. चिकनची कलेजी खातो. माझ्यापेक्षा बरं जेवतो."

शिल्पा म्हणाली, "सुरमई मेली ती वाईटच मेली असेल. पण तोवर समुद्रात होती ना? तुझा हिशेब फक्त मरणाचा आहे. अरोवाना दहा-पंधरा वर्षं जगतो. एवढी वर्षं त्याच चार फुटांत."

"आपण कुठे मोठ्या टाकीत राहतो? वन आरकेत सहा माणसं."

सगळे हसले. खरं तर बाळ्याचं हे उत्तर कट्ट्यावर कायम जिंकतं. पण आपण वन आरकेतून सकाळी आठ-बाराची लोकल पकडायला तरी बाहेर पडतो, हे मी म्हटलं, तर तो म्हणाला लोकलमध्ये त्याहून कमी जागा असते.

माशाला कळतं तरी का, हा प्रश्न मग आलाच. शिल्पाने ट्राउट माशांवरचा प्रयोग सांगितला. 2003 साली लिन स्नेडन या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या गटाने माशांच्या ओठात अॅसिटिक अॅसिड टोचलं, तेव्हा मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले आणि बराच वेळ जेवले नाहीत. मॉर्फिन दिल्यावर हे कमी झालं. माशाच्या मेंदूत वेदनेसाठी लागणारा भागच नाही, असं म्हणणारेही शास्त्रज्ञ आहेत, हेही तिने प्रामाणिकपणे सांगितलं. पक्याने तेवढंच उचललं.

"आणि आईचं काय करू?" तो म्हणाला. "वास्तुवाल्याने सांगितलंय अरोवाना ठेवा म्हणून. मासा मेला तर घरावरची पीडा घेऊन जातो."

"म्हणजे जगला तर भरभराट आणि मेला तर पीडा गेली," शिल्पा म्हणाली. "मालकाचं नुकसान कशातच नाही. अशी पॉलिसी मलाही दे की."

मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सोयीची गोष्ट हीच. मासा का मेला हे कोणी विचारतच नाही. पुढच्या आठवड्यात नवा येतो.

कुलकर्णी काका इतका वेळ ऐकत होते. चाळीस वर्षं कल्याण कोर्टात काढलीत. "कायदा आहे," ते म्हणाले. "1960 चा, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा. त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जीव. म्हणजे मासासुद्धा आला. कलम 11 म्हणतं, हालचालीला पुरेशी लांबी-रुंदी-उंची नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात प्राणी ठेवणं गुन्हा."

पक्याचा चेहरा पडला. "शिक्षा काय?"

"पहिल्या गुन्ह्याला दंड. दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत."

"काका, त्याच्या एका दिवसाच्या कलेजीला त्याहून जास्त लागतात."

काकांनी पुढे सांगितलं की 2017 मध्ये केंद्राने मासे विकणाऱ्या दुकानांसाठी वेगळे नियम काढले होते. धंदेवाल्यांनी ओरड केली आणि ते मागे घेतले गेले. इटलीत मोंझा शहराने 2004 मध्येच गोल बोलमध्ये गोल्डफिश ठेवायला बंदी घातली होती. बाळ्याचं मत, इटलीवाल्यांना दुसरे उद्योग नसतील.

संतोषचा राग मात्र पक्यावर नव्हताच, हे हळूहळू लक्षात आलं. "दुकानात 'शार्क' म्हणून दोन इंची चंदेरी मासा देतात ना, तो पंगस असतो. हॉटेलात बासा म्हणून खाता तोच. मीटरभराच्या वर जातो. रेड टेल कॅटफिश तीन इंचांचा देतात, तोही चार फुटांपर्यंत वाढतो. तळ्यात पंगस पाळणाऱ्याला माहीत असतं हा केवढा होणार. तिथेही दाटीच असते, तिथे भलं चालतं असं मी म्हणत नाही. पण फ्लॅटवाल्या गिऱ्हाइकाला कोणी सांगतच नाही. विचारलं तर सांगतात, टाकीच्या मापाने वाढतो."

"मग आता काय करू? तलावात सोडू?"

"अजिबात नाही!" संतोष जवळजवळ ओरडला. "उजनीच्या मच्छीमारांना जाळ्यात सकर मासे मिळतायत, ते कोणाच्या तरी काचा चाटायला आणलेलेच. 2023 मध्ये दल सरोवरात अॅलिगेटर गार सापडला. अमेरिकेतला मासा, तो काय पोहत आला काश्मीरला? दुकानदार परत घेत नाही. तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे. तू घेतलास, तूच सांभाळ."

"म्हणजे नक्की किती मोठी टाकी लागेल?"

संतोषने खडूचा तुकडा उचलून कट्ट्यावरच आकडे मांडले. सहा बाय अडीच बाय दोन. तीस घनफूट. साडेआठशे लिटर पाणी, म्हणजे साडेआठशे किलो. वर जाड काच, लोखंडी स्टँड. टनाच्या वर.

"पाचव्या मजल्यावर?" पक्या म्हणाला.

"बीमच्या वर भिंतीला लागून ठेव. पण आधी इंजिनीअरला विचार."

"आणि सोसायटीचं पत्र घे," काका म्हणाले. "चौथ्या मजल्यावर मी राहतो."